औषधवाहू लाल पेशी आणि सिकलसेलचा जिल्हा

प्रति,
औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालयांतील अध्यापक व संशोधक विद्यार्थी,
तसेच त्यांच्या प्रकल्पांना निधी देणाऱ्या संस्था,
महाराष्ट्र राज्य

विषय : लाल रक्तपेशींच्या पटलातून औषध पोचवण्याचे संशोधन आणि भंडारा जिल्ह्यातील सिकलसेलचे रुग्ण



माणसाच्या रक्तातील लाल पेशी सात ते आठ मायक्रॉन रुंदीची, दोन्ही बाजूंनी चेपलेली आणि केंद्रक नसलेली असते. अस्थिमज्जेतून बाहेर पडल्यावर ती सुमारे १२० दिवस रक्तात फिरते. स्वतःपेक्षा अरुंद केशवाहिनीतूनही ती अंग चोरून निघते, आणि म्हातारी झाली की प्लीहा (पाणथरी) व यकृतातील भक्षकपेशी तिला गिळतात. तोवर तिला कोणी हात लावत नाही, कारण तिच्या पटलावरील सीडी४७ हे प्रथिन भक्षकपेशींना लांब ठेवते. शिरेतून टोचलेले औषध मात्र इतके भाग्यवान नसते. काही मूत्रपिंडातून निघून जाते, काही यकृतात मोडते, काही नको त्या अवयवात जाऊन त्रास देते. तेव्हा औषधच लाल पेशीच्या आत किंवा तिच्या पटलाखाली दडवून पाठवावे, ही कल्पना औषधशास्त्रात फार पूर्वी आली.

रिकाम्या केलेल्या पेशीत बाहेरचा पदार्थ भरता येतो, हे हंगेरीच्या ग्यॉर्गी गार्दोश यांनी १९५०च्या दशकात एटीपी भरून पाहिले होते. उपचाराच्या दृष्टीने खरी सुरुवात १९७३ची. त्या वर्षी अमेरिकेत गॅरेट आयलर आणि सहकाऱ्यांनी लाल पेशींत एन्झाइमे भरून दाखवली.

कृती दिसायला साधी आहे. रक्त सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायचे. वरचा पिवळसर प्लाझ्मा आणि त्याखालचा पांढऱ्या पेशींचा पातळ थर काढून टाकायचा. तळाशी बसलेल्या लाल पेशी थंड सलाईनने दोन-तीनदा धुवायच्या आणि कमी क्षारांच्या द्रावणात सोडायच्या. पाणी आत शिरते, पेशी फुगून गोल होते आणि पटलाला सूक्ष्म छिद्रे पडतात. आतापर्यंत गढूळ लाल दिसणारी नळी पाहता पाहता पारदर्शक लाल होते, म्हणजेच हिमोग्लोबिन बाहेर येऊ लागलेले असते. त्याच छिद्रांतून औषध आत जाते. क्षारांचे प्रमाण पूर्ववत करून नळी ३७ अंश सेल्सियसला ठेवली की छिद्रे मिटतात. हिमोग्लोबिन जवळजवळ सगळे धुऊन काढले तर उरते ते निव्वळ पटल, आतला तांदूळ निघून गेलेल्या धानाच्या टरफलासारखे. प्रयोगशाळेत त्याला ‘घोस्ट’ म्हणतात. यंत्राने हेच काम डायलिसिसच्या पद्धतीने सावकाश केले, तर पेशीतले बरेचसे हिमोग्लोबिन आत राहते आणि पेशी अधिक टिकते.

२०११ मध्ये दुसरी वाट निघाली. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो शाखेतील लियांगफांग झांग यांच्या गटाने अख्खी पेशी बाजूला ठेवून फक्त पटल घेतले. ते बारीक छिद्रांतून दाबून त्याच्या सूक्ष्म पिशव्या केल्या आणि पीएलजीए या शरीरात विरघळणाऱ्या पॉलिमरच्या नॅनोकणांवर त्यांचा थर चढवला. उंदरांच्या रक्तात या कणांचे अर्धायुष्य सुमारे ४० तास भरले. कृत्रिम पॉलिइथिलीन ग्लायकॉलचा थर दिलेल्या कणांचे ते सुमारे १६ तास होते. याच गटाने २०१३ मध्ये असे कण जिवाणूंचे विष शोषून घेणारे ‘नॅनोस्पंज’ म्हणून वापरले. पेशीला भोक पाडायला निघालेले विष खऱ्या पेशीऐवजी या तोतया पटलात अडकते.

तिसऱ्या वाटेशी मुंबईचा संबंध आहे. यूडीसीटीत, म्हणजे आजच्या इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजीत (आयसीटी), शिकलेले आणि पुढे अमेरिकेत संशोधन करणारे समीर मित्रगोत्री यांनी नॅनोकण लाल पेशीच्या आत न भरता पाठीवर बसवून पाठवले. शिरेतून गेलेल्या पेशी फुप्फुसाच्या अरुंद केशवाहिन्यांतून घासून जाताना हे कण तिथेच गळून पडतात. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील संशोधकांसोबतचे त्यांचे २०१८ मधील काम असे सांगते की, कण नेमके कोणत्या रक्तवाहिनीत सोडले यावर ते कोणत्या अवयवात उतरतील हे ठरते. इथे एक खुलासा हवा, कारण प्रकल्पांच्या शीर्षकांत तो हमखास गळतो. निव्वळ पटलाला लक्ष्य नसते. पटल औषधाला टिकवते. ते सोडून दिले तर शेवटी यकृत आणि प्लीहेतच जाते. नेम साधायचा असेल तर पटलावर प्रतिपिंड किंवा तत्सम रेणू जोडावा लागतो, नाहीतर मित्रगोत्रींसारखी रक्तप्रवाहाची युक्ती लागते.

इथवरचे शास्त्र पुस्तकांत मिळते. भंडाऱ्यात उभे राहून तेच वाचले की त्यातली मोठी उणीव दिसते. हे सगळे निरोगी पेशी गृहीत धरून रचलेले आहे.

भंडारा हा सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराच्या पट्ट्यातला जिल्हा आहे. मध्य भारतातील सिकलसेलवरचा नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी यांचा लेख ‘लॅन्सेट’मध्ये १९५८ सालीच आला. म्हणजे लाल पेशीत औषध भरण्याच्या शास्त्राहून विदर्भातल्या सिकलसेलची नोंद जुनी आहे. राज्याचा सिकलसेल नियंत्रण कार्यक्रम ज्या जिल्ह्यांत चालतो त्यांत भंडारा आहे. जुलैत रोवणी सुरू झाली की बाया दिवसभर चिखलात, गार पाण्यात वाकून असतात. अंग भिजलेले, पाणी पिणे कमी, श्रम जास्त. एसएस, म्हणजे प्रत्यक्ष सिकलसेलचा आजार, असलेल्या बाईला ‘क्रायसिस’ यायला एवढे पुरते. हाडे आणि सांधे इतके दुखतात की साध्या गोळीने भागत नाही. मग तालुक्याहून भंडाऱ्याला आणि तिथून नागपूरच्या ‘मेडिकल’ला, ‘मेयो’ला किंवा ‘डागा’ रुग्णालयात न्यावे लागते. रक्त कमी झाले तर चढवावे लागते.

या बाईच्या लाल पेशीत काय घडते, हे वाहक पेशींच्या संशोधकाला नेमके ठाऊक हवे. बीटा ग्लोबिनच्या साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन आलेले असते. ऑक्सिजन सोडला की असे हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून ताठ दोरे बनते आणि पेशी विळ्यासारखी वाकते. ऑक्सिजन मिळाला की ती सरळ होते, पुन्हा वाकते, आणि या ओढाताणीत पटलाचे तुकडे झडत जातात. पटलाच्या आतल्या बाजूला राहायला हवे असे फॉस्फॅटिडिलसेरिन बाहेर उघडे पडते. ती भक्षकपेशींना खाण्याची खूण असते आणि रक्त गोठायलाही मदत करते. पेशीतले पोटॅशियम व पाणी निघून जाते आणि ती सुकते. ज्या मार्गाने ते निघून जाते, त्यातील मुख्य वाहिनीला गार्दोशचेच नाव आहे. रिकाम्या पेशीत एटीपी भरणारा शास्त्रज्ञ आणि सिकल पेशी सुकवणाऱ्या वाहिनीला ज्याचे नाव आहे तो शास्त्रज्ञ एकच असावा, आणि तरी ही दोन शास्त्रे एकमेकांच्या वाटेला फारशी जाऊ नयेत, याचे नवल वाटते.

परिणाम उघड आहेत. सुकलेली सिकल पेशी कमी क्षारांच्या द्रावणात निरोगी पेशीइतक्या सहज फुगत-फुटत नाही, त्यामुळे निरोगी रक्तावर ठरवलेली भरण्याची कृती तिला जशीच्या तशी लागू पडत नाही. १२० दिवसांच्या हिशेबाने आखलेले औषध १० ते २० दिवस जगणाऱ्या पेशीत भरून उपयोग नाही. फॉस्फॅटिडिलसेरिन बाहेर आलेल्या पटलाने नॅनोकण मढवला तर तो लपण्याऐवजी उघडा पडेल. सिकलसेलच्या रुग्णाची प्लीहा कधी वाढलेली, कधी सुकून गेलेली असते. तेव्हा भरलेल्या पेशी कुठे किती जातील याचा अंदाजही बदलतो. शिवाय नुकतेच रक्त चढवलेल्या रुग्णाच्या नळीत त्याच्या आणि दात्याच्या पेशी मिसळलेल्या असतात. ‘रुग्णाचीच पेशी काढून, भरून, परत देणे’ हे शब्द तिथे पोकळ ठरतात. हे प्रश्न शेवटच्या टप्प्यावर सोडवायचे नाहीत. पहिल्याच प्रयोगात एका नळीत एए (निरोगी), दुसरीत एएस आणि तिसरीत एसएस रक्त असावे, ही या पत्रातली पहिली मागणी आहे. एएस म्हणजे सिकलसेलचे वाहक. विदर्भात त्यांची संख्या रुग्णांहून कितीतरी जास्त आहे आणि ‘निरोगी दाता’ म्हणून रक्त देणाऱ्यांत तेही असतात.

सिकल पेशीकडे कोणीच पाहिलेले नाही असे नाही. २०१३ मध्ये अमेरिकेत ड्यूक विद्यापीठातील संशोधकांचा सहभाग असलेल्या गटाने विळ्याच्या आकाराच्या पेशी उंदरांतील कर्करोगाच्या गाठींवर वापरून पाहिल्या. गाठीच्या आत ऑक्सिजन कमी असतो. सिकल पेशी तिथे नेमक्या वाकतात, वाहिनीला चिकटतात आणि सोबत आणलेले औषध तिथेच सोडतात. कल्पना हुशारीची आहे. जो दोष रोवणीच्या बाईला खाटेवर आणतो, तोच कर्करोगाच्या औषधाला नेम देतो. मग ज्यांच्या अंगात हे रक्त वाहते त्यांना या हुशारीचा वाटा कधी मिळणार, हा प्रश्न भंडाऱ्यातून विचारला जाणे स्वाभाविक आहे.

याच्या उलट टोकाला दुसरी चूक आहे. प्रकल्पाच्या प्रस्तावनेत सिकलसेलच्या रुग्णसंख्येचा परिच्छेद टाकायचा आणि पुढे लाल पेशीत हायड्रॉक्सियुरिया हे सिकलसेलवरचे औषध भरण्याचा बेत मांडायचा. कागदावर हे शोभते. हायड्रॉक्सियुरियाचा रेणू मात्र अगदी लहान, रेणुभार ७६ एवढाच. तो पटलातून सहज आरपार जातो, पेशीत कोंडून राहत नाही. शिवाय त्याचे काम अस्थिमज्जेत असते. तिथे तो गर्भकालीन हिमोग्लोबिन वाढवतो. तोंडाने घेतलेली कॅप्सूल हे काम करते, आणि याचा पुरावाही जवळचाच आहे. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. दीप्ती जैन आणि सहकाऱ्यांनी तीव्र आजार असलेल्या मुलांना दर किलो वजनामागे १० मिलिग्रॅम या कमी मात्रेत हे औषध देऊन तुलनात्मक चाचणी केली. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात वेदनांचे झटके आणि रक्त चढवण्याची गरज बरीच घटली. ज्या औषधाला वाहनाची गरज नाही त्याला वाहन करून देण्यात वर्षे घालवण्यापेक्षा, ते लाखांदूर तालुक्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रांत दर महिन्याला न चुकता मिळते का, हे पाहणे मोलाचे.

लाल पेशीचे वाहन कुठे खरोखर उपयोगी आहे, याची उत्तरे दोन उदाहरणांत दिसतात. एल-ॲस्परजिनेज हे एन्झाइम कर्करोगाच्या पेशींना लागणारे ॲस्परजिन संपवते. ते पेशीत बंद केले तर बाहेरचे ॲस्परजिन आत येऊन मोडते आणि प्रतिपिंडांना एन्झाइमपर्यंत पोचता येत नाही. दुसरे उदाहरण डेक्सामेथासोनचे. त्याचे फॉस्फेट रूप पटल ओलांडू शकत नाही. पेशीतील एन्झाइम हळूहळू ते फॉस्फेट तोडते आणि मोकळे झालेले औषध थोडेथोडे बाहेर झिरपते. कुलूप आणि किल्ली दोन्ही पेशीतच. अशा रेणूंसाठी हे शास्त्र बनले आहे.

आणि तरी या दोन्ही उदाहरणांचा शेवट वर्गात सांगितला जायला हवा. फ्रान्सच्या एरिटेक कंपनीने दात्यांच्या पेशींत ॲस्परजिनेज भरून स्वादुपिंडाच्या कर्करोगावर मोठी चाचणी घेतली. पाचशेहून अधिक रुग्ण त्यात होते. २०२१ मध्ये निकाल आला, आणि आयुर्मान वाढवण्याचे मुख्य उद्दिष्ट साधले नव्हते. इटलीच्या एरिडेल कंपनीने रुग्णाचे थोडे रक्त काढून, यंत्रात डेक्सामेथासोन भरून, महिन्यातून एकदा परत देण्याची पद्धत ॲटॅक्सिया-टेलॅन्जिएक्टेसिया या दुर्मीळ आजारावर तपासली. त्या चाचणीत भारतही सहभागी होता. तिथेही एकूण रुग्णांत मुख्य उद्दिष्ट हुकले, लहान वयाच्या मुलांत फायद्याची चिन्हे दिसली. जनुकीय बदल केलेल्या लाल पेशी बनवणाऱ्या अमेरिकेतील रुबियस कंपनीला तर गाशा गुंडाळावा लागला. हे सांगितल्याने शास्त्राची अप्रतिष्ठा होत नाही. उंदरातले ४० तास आणि माणसाला मिळालेले महिने यांतले अंतर विद्यार्थ्याला कळते. विद्यापीठाच्या प्रसिद्धिपत्रकातून ‘आता औषध थेट रोगावर’ अशी बातमी फुटते तेव्हा ती सिकलसेलच्या घरातही वाचली जाते, आणि दुसऱ्या दिवशी आशाताईला त्याबद्दल विचारले जाते. तिने काय सांगावे, याचा विचार पत्रक लिहिणाऱ्याने आधी करावा.

रक्ताचा हिशेबही मांडायला हवा. पूर्ण पेशी भरायच्या तर पेशी लागतात आणि पटल काढायचे तरी पेशीच लागतात. त्या कारखान्यात बनत नाहीत. १ जानेवारी १९९८ पासून देशात पैसे घेऊन रक्त देणे बंद आहे, मुख्य मदार स्वेच्छेने रक्तदान करणाऱ्यांवर आहे. नेहमीच्या पिशवीतील रक्त ३५ दिवसच टिकते, विशेष द्रावणात ४२ दिवस. उन्हाळ्यात शिबिरे रोडावतात तेव्हा रक्तपेढीच्या दारात सिकलसेल, थॅलेसेमिया आणि बाळंतपणाच्या रुग्णांचे नातेवाईक एकाच पिशवीची वाट पाहतात. म्हणून प्रयोगासाठी मुदत संपलेल्या किंवा वापरास अपात्र ठरलेल्या पिशव्याच घ्याव्यात, आणि त्या किती घेतल्या हे शोधनिबंधात लिहावे. विदर्भातील दात्याचे रक्त वापरायचे असेल तर त्याची सोल्युबिलिटी चाचणी आणि संशयित आढळल्यास एचपीएलसी आधी करावी. वाहकाचे रक्त पांढऱ्या पेशी गाळणाऱ्या फिल्टरमध्ये अडकते हे रक्तपेढ्यांना माहीत आहे. त्याच रक्तापासून काढलेले पटल कसे वागेल, हे तपासल्याशिवाय ‘निरोगी’ हा शिक्का मारू नये.

रुग्णांचे रक्त घेताना संमतीचा प्रश्न येतो. २०१९ च्या नवीन औषधे व वैद्यकीय चाचणी नियमांनुसार चाचणीत सहभागी होणाऱ्याला समजेल अशा भाषेत माहिती देणे बंधनकारक आहे. मराठीत भाषांतरित अर्ज असतात, पण ते सरकारी ठरावासारखे वाचतात. ‘आपल्या रक्तातील लाल पेशी काढून, त्यांत औषध भरून, त्याच परत दिल्या जातील, त्यातल्या काही लवकर फुटू शकतात, घेतलेले रक्त उरले तर ते अमुक कामासाठी ठेवले जाईल’ इतके सरळ वाक्य त्यात असावे. तुमसरच्या मँगनीज खाणीत काम करणाऱ्या मजुराला आणि पवनीच्या शेतकऱ्याला ते एका वाचनात कळले पाहिजे. गोंडीभाषक घरांत मराठीही पुरी पडत नाही, तिथे तोंडी समजावणारा माणूस लागतो.

यंत्राबद्दल थोडक्यात. रुग्णाच्याच पेशी भरणारी यंत्रे रुग्णाजवळच ठेवायची असतात, म्हणजे पुढेमागे ती जिल्हा रुग्णालयातच येणार. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या नवजात शिशू अतिदक्षता कक्षाला आग लागून दहा बालके दगावली. ज्या गावाने हे पाहिले, तिथे कोणतेही नवे यंत्र येताना वीज, देखभाल आणि रात्रपाळीचा माणूस यांचा खर्च प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात पहिल्या पानावर असायला हवा, परिशिष्टात नाही.

मागण्या पूर्ण करण्यासाठी नवी संस्था लागत नाही. चंद्रपूरला आयसीएमआरचे हिमोग्लोबिन विकारांचे केंद्र ११ डिसेंबर २०२२ रोजी राष्ट्राला अर्पण झाले. मुंबईची राष्ट्रीय रोगप्रतिकार व रक्तविज्ञान संस्था या विषयात जुनी आहे. नागपुरात औषधनिर्माणशास्त्र विभाग आणि सिकलसेलच्या बाह्यरुग्ण विभागाची अनेक वर्षांची नोंद आहे. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल मोहिमेत शून्य ते ४० वयोगटातील सात कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट ठेवले गेले. म्हणजे तपासलेले रक्त, रुग्णांची नोंद आणि प्रयोगशाळा या तिन्ही गोष्टी आहेत, फक्त त्या वेगवेगळ्या खात्यांच्या कपाटांत आहेत. निधी देणाऱ्या संस्थांनी लाल पेशींच्या वाहकांवरचा प्रत्येक प्रस्ताव मंजूर करताना एक अट घालावी : एसएस आणि एएस रक्तावरील निकाल सादर केल्याशिवाय दुसरा हप्ता मिळणार नाही. मार्गदर्शकांनी विद्यार्थ्याला विषय देण्याआधी सिकलसेलच्या ओपीडीत एक दिवस बसवावे. निकाल चांगला आला नाही तरी तो छापावा, आणि त्याची दोन पानांची मराठी प्रत जिल्हा शल्यचिकित्सकांच्या कार्यालयात पाठवावी.

या मागण्यांवर महाविद्यालयांनी आणि निधी संस्थांनी काय ठरवले ते जाहीरपणे कळवावे, ही विनंती.

कळावे,
आपला विश्वासू,
भंडारा जिल्ह्यातील एक वाचक